ईडी : न बोलल्या जाणाऱ्या तक्रारीवरचं संशोधन कसं वाचायचं?



मागच्या लेखात आपण ‘व्याख्या आधी, प्रश्नावली नंतर’ हे बघितलं. आज त्याचंच एक पूर्ण उदाहरण घेऊ या. विषय थोडा अवघड आहे. म्हणजे समजायला अवघड नाही, बोलायला अवघड आहे.

गेल्या वर्षी गावाकडच्या एका दादांचा फोन आला. वय बेचाळीस. सुरुवातीला पाऊस झाला, सोयाबीनचा भाव झाला, ‘तुझी पीएचडी संपणार कधी’ हेही झालं. मग आवाज खाली आला. “तू ते आरोग्याचंच काहीतरी शिकतोस ना रे? एका मित्राचं विचारायचं होतं.” मित्राची तक्रार अशी की सात-आठ महिने झाले, संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. मित्राने बसस्टँडजवळच्या तंबूतून जडीबुटीच्या पुड्या आणल्या, त्यात साडेचार हजार गेले. मित्राच्या बायकोला वाटायला लागलंय की ह्यांचं बाहेर काहीतरी आहे. घरात बोलणं बंद.

मित्र कोण, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. ते तसंच राहू दिलं.

मी डॉक्टर नाही. पीएचडी झाल्यावर नावाआधी ‘डॉ.’ लागेल, पण औषध लिहून देता येणार नाही, हे मी सगळ्यांना सांगत असतो. दादांना मी एवढंच म्हणालो, “मित्राला सांगा, पुड्या बंद करा, चांगल्या एमडी डॉक्टरकडे जा, आणि आधी शुगर आणि बीपी तपासा.” ते म्हणाले, “अरे, तक्रार कुठली आणि तू तपासायला काय सांगतोस!”

माझं उत्तर संशोधनातून आलं होतं. ते कसं आलं, हे या लेखात टप्प्याटप्प्याने सांगतो. (दादांना विचारूनच लिहितोय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तुमच्या प्रबंधातही हे करायचं असतं, विसरू नका.)

१. नाव आणि व्याख्या

या तक्रारीचं इंग्रजी नाव ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’, लघुरूप ईडी. हल्ली ‘ईडी’ म्हटलं की लोकांना नोटीस आणि छापे आठवतात, पण वैद्यकातली ईडी वेगळी आहे. आपल्याकडचे जुने शब्द म्हणजे नपुंसकता, षंढत्व, ‘मर्दानी कमजोरी’. इंग्रजीतही पूर्वी ‘इम्पोटन्स’ हाच शब्द होता. या सगळ्या शब्दांची अडचण एकच: ते लक्षणाला नाव देत नाहीत, माणसालाच नाव ठेवतात. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची एक परिषद भरवली. तिने जुना शब्द सोडून ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ वापरावा असं सुचवलं आणि व्याख्या दिली: समाधानकारक लैंगिक संबंधासाठी पुरेशी ताठरता येणं किंवा ती टिकवणं न जमणं.

आता या व्याख्येची चिरफाड करू. ‘येणं’ आणि ‘टिकणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पुरेशी’ आणि ‘समाधानकारक’ हे कोण ठरवणार? तो माणूस स्वतः. म्हणजे ही व्याख्या मुळातच व्यक्तीच्या स्वतःच्या सांगण्यावर उभी आहे. रक्तातल्या साखरेसारखा एक आकडा इथे मिळत नाही.

किती काळ त्रास असला तर ईडी म्हणायचं? एखाद्या दिवशी दमल्यामुळे, दारू जास्त झाल्यामुळे किंवा भांडण झाल्यामुळे जमलं नाही, तर तो आजार होत नाही. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) निकष आहे तो असा: साधारण ६ महिने, आणि ७५ ते १०० टक्के वेळा हा त्रास व्हायला हवा. १९९२ च्या व्याख्येत असा काळाचा निकष नाही. म्हणजे त्याच गावात, त्याच पुरुषांवर, या दोन व्याख्या लावल्या तर दोन वेगळी प्रमाणं येतील. पेपर वाचताना आधी ‘मेथड्स’मध्ये जाऊन व्याख्या बघा असं मी सारखं सांगतो, ते याचसाठी.

ईडीमध्ये काय येत नाही, हेही पक्कं करा. लवकर वीर्य जाणं म्हणजे शीघ्रपतन, ते वेगळं. इच्छाच कमी होणं वेगळं. मूल न होणं हे तर फारच वेगळं, कारण ताठरता उत्तम असूनही शुक्राणू कमी असू शकतात. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. लघवीवाटे ‘धातू’ जातो आणि त्यामुळे शरीर झिजतं, अशी भीती. ‘धात सिंड्रोम’ हे नाव मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० साली दिलं. बोलीभाषेत हे सगळं ‘कमजोरी’ या एकाच पोत्यात भरलेलं असतं. तुम्ही प्रश्नावलीत ‘तुम्हाला कमजोरी आहे का?’ असं विचारलंत, तर चार वेगळ्या तक्रारींचं एकच ‘हो’ मिळेल. जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का, यालाच आपण वैधता म्हणतो. ती इथे पहिल्याच प्रश्नात गेली.

२. शरीरात नेमकं काय घडतं?

यंत्रणा माहीत नसेल तर गृहीतक मांडता येत नाही. म्हणून हा भाग नीट वाचा.

लिंगात स्पंजासारख्या ऊतीच्या दोन नळ्या असतात. एरवी तिथल्या रक्तवाहिन्यांचे आणि स्पंजाचे स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे आत रक्त कमी येतं. गंमत बघा, ताठरता ही स्नायू आवळल्याने येत नाही, हे स्नायू सैल पडल्याने येते. उत्तेजना मिळाली की कण्याच्या खालच्या भागातून येणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांपासून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. त्यामुळे पेशींमध्ये ‘सीजीएमपी’ नावाचा रेणू वाढतो, कॅल्शियम उतरतं, स्नायू सैल होतात, स्पंज रक्ताने भरतो. भरलेला स्पंज बाहेरच्या चिवट आवरणावर दाबला जातो आणि त्यामध्ये सापडलेल्या शिरा चेपल्या जातात. म्हणजे पाणी आत घेणारं दार उघडतं आणि बाहेर जाणारं दार पाण्याच्याच दाबाने बंद होतं. काम झाल्यावर ‘पीडीई-५’ नावाचं विकर सीजीएमपी तोडतं आणि सगळं पूर्ववत होतं.

हे कोडं उलगडायला वेळ लागला. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर काम करताना दाखवलं की आतलं अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलिनने धमनी सैल पडते, अस्तर घासून गेलं तर नाही. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटतंय. ते ‘काहीतरी’ नायट्रिक ऑक्साइड निघालं. १९९२ मध्ये मानवी लिंगातल्या ऊतीवरही हेच दिसून आलं. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना नायट्रिक ऑक्साइडच्या कामाबद्दल मिळालं.

आता या साखळीची कुठली कडी तुटू शकते ते बघा. मधुमेहात चेतातंतू आणि अस्तर दोन्ही खराब होतात. उच्च रक्तदाब, तंबाखू, वाढलेलं कोलेस्टेरॉल अस्तर बिघडवतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत चेतातंतूंना इजा होऊ शकते. टेस्टोस्टेरॉन फार कमी झालं तर इच्छा आणि यंत्रणा दोन्ही मंदावतात. काही औषधांनीही त्रास होतो.

आणि मन? घाबरल्यावर किंवा ताणात ॲड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं सुटतात आणि ती हेच स्नायू आवळतात. व्हायवाच्या वेळी हातपाय गार पडतात ना, तसंच. एकदा जमलं नाही, पुढच्या वेळी ‘आज जमेल का’ ही धास्ती, धास्तीने पुन्हा ॲड्रेनॅलिन, आणि पुन्हा तेच. म्हणून ‘हे शारीरिक की मानसिक?’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. बऱ्याच जणांत दोन्ही असतं, आणि शरीरातून सुरू झालेला त्रास धास्तीने दुप्पट होतो.

३. मोजायचं कसं?

निरोगी पुरुषाला झोपेत, विशेषतः स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, रात्रीतून साधारण तीन ते पाच वेळा ताठरता येते. त्यात धास्तीचा संबंध नसतो. यावरून संशोधकांनी तर्क केला: झोपेत येत असेल तर रक्तवाहिन्या आणि चेतातंतू बरे आहेत, अडचण बहुधा दुसरीकडे आहे. १९८० साली यासाठी चक्क पोस्टाच्या तिकिटांची पट्टी वापरल्याचा पेपर आहे. झोपताना पट्टी गुंडाळायची, सकाळी छिद्रांच्या ओळीवर फाटलेली दिसली तर ताठरता आली. स्वस्त आणि हुशार! पण ताठरता किती कडक होती आणि किती वेळ टिकली, हे तिकीट सांगत नाही. पुढे त्यासाठी यंत्रं आली.

मोठ्या अभ्यासात हजारो लोकांना यंत्र कोण लावणार? म्हणून प्रश्नावली. १९९७ मध्ये ‘आयआयईएफ’ ही १५ प्रश्नांची प्रश्नावली आली, तिच्यात मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारतात. १९९९ मध्ये तिचंच पाच प्रश्नांचं छोटं रूप आलं. त्यात ५ ते २५ गुण असतात आणि २१ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे ईडीची शक्यता. आज बहुतेक पेपरांमध्ये हीच दिसेल.

पण डोळे झाकून उचलू नका. मोठ्या प्रश्नावलीत ‘संबंधाचा प्रयत्नच केला नाही’ या उत्तराला शून्य गुण आहेत. आता विचार करा, तुमच्या सॅम्पलमध्ये एक जण ऊसतोडीला गेलाय, बायको गावी आहे. एक जण विधुर आहे. एकाचं लग्नच झालेलं नाही. यांचे गुण कमी येतील, ते ताठरता नाही म्हणून की संधी नाही म्हणून? प्रश्नावली हा फरक करत नाही. तो तुम्हाला करावा लागतो.

भाषांतराचंही तेच. ‘ताठरता’ हा शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कळतो, पण शेतावर बसून बोलताना लोक तो वापरत नाहीत. मी स्वतः सराव म्हणून काही जणांशी बोललो, तेव्हा ‘संभोग’ म्हटल्यावर समोरचा मान खाली घालायचा आणि ‘घरच्यांबरोबरचा संबंध’ म्हटल्यावर बोलायला लागायचा. म्हणून पद्धत अशी: मूळ प्रश्नावली वापरायची परवानगी घ्या. दोघांकडून स्वतंत्र मराठी भाषांतर करून घ्या. मूळ न बघितलेल्या तिसऱ्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घ्या. फरक मिटवा. मग काही जणांसमोर ठेवून विचारा, “या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?” शेवटची पायरी विद्यार्थी सर्रास गाळतात, आणि खरी चूक तिथेच सापडते.

४. किती जणांना असतं? आकडा फोडून वाचा

या विषयातला सगळ्यात प्रसिद्ध आकडा आहे ५२ टक्के. तो मॅसॅच्युसेट्समधल्या पुरुषांच्या अभ्यासातला. १९८७ ते १९८९ दरम्यान बोस्टन परिसरातल्या ४० ते ७० वयाच्या पुरुषांना विचारलं गेलं, १९९४ मध्ये पेपर आला. बातम्यांत आलं, ‘निम्म्या पुरुषांना ईडी’. आता फोडून बघा: सौम्य १७ टक्के, मध्यम २५ टक्के, पूर्ण १० टक्के. ‘कधीमधी अडचण येते’ आणि ‘कधीच येत नाही’ या दोन टोकांना एकाच आकड्यात बसवलं की ५२ होतात. वयाप्रमाणे पाहिलं तर पूर्ण ईडीचं प्रमाण चाळिशीत ५ टक्के आणि सत्तरीत १५ टक्के होतं.

शिवाय विश्लेषणात १२९० जणच आहेत, त्या भागातले, बहुतांश गोरे. ईडीची तीव्रता थेट एका प्रश्नावरून ठरवलेली नाही, अनेक उत्तरांवरून सूत्राने काढली आहे. अभ्यास चांगलाच आहे. पण ‘महाराष्ट्रात ५२ टक्के पुरुषांना ईडी आहे’ असं तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलंत, तर गाईड लाल पेन काढणारच.

मधुमेहींचं वेगळं बघू. २०१७ मध्ये १४५ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मधुमेही पुरुषांमध्ये ईडीचं प्रमाण ५२.५ टक्के आलं, आणि मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत शक्यता सुमारे साडेतीन पट. आपल्याकडे मधुमेह घराघरात आहे, आणि तो असूनही माहीत नसलेलेही पुष्कळ. दादांना शुगर तपासायला सांगितलं, त्याचं पहिलं कारण हे.

५. हृदयाशी काय संबंध?

दुसरं कारण हृदय. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. अस्तर सगळीकडे एकाच वेळी खराब होत असेल, तर बारीक नळी आधी तुंबेल. इटलीतल्या संशोधकांनी हे गृहीतक मांडलं. त्यांच्याच २००३ च्या अभ्यासात छातीत दुखून आलेल्या आणि अँजिओग्राफीत अडथळे दिसलेल्या ३०० रुग्णांपैकी ४९ टक्क्यांना ईडी होती. त्यातल्या ६७ टक्के जणांना ती हृदयाच्या लक्षणांच्या आधी सुरू झाली होती, सरासरी सुमारे ३९ महिने आधी.

वाचून अंगावर काटा येतो. पण जरा थांबा आणि व्हायवातल्या परीक्षकासारखे बघा. सगळे हृदयरुग्णच घेतलेत. ज्यांना ईडी होती पण हृदयाला काहीच झालं नाही, ते या अभ्यासात कुठे आहेत? आणि ‘ईडी कधी सुरू झाली’ हे आठवून सांगितलंय. आजारी पडलेला माणूस मागचं जास्त खोदून आठवतो.

म्हणून पुढे बघणारा अभ्यास हवा. तो २००५ मध्ये आला. प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या एका मोठ्या चाचणीत ५५ वर्षांवरचे ९४५७ पुरुष प्लासिबो गटात होते, आणि त्यांना ठरावीक काळाने ताठरतेबद्दलही विचारलं जात होतं. त्यापैकी सुरुवातीला हृदयविकारही नाही आणि ईडीही नाही असे ४२४७ जण निघाले. पाच वर्षांत त्यातल्या ५७ टक्के जणांनी कधी ना कधी ईडीची तक्रार नोंदवली. ज्यांना ती नव्याने झाली, त्यांना पुढे हृदय-रक्तवाहिन्यांचा त्रास होण्याचा धोका १.२५ पट होता, वय आणि इतर घटकांचा हिशेब केल्यानंतर.

१.२५ चा अर्थ नीट घ्या. ‘ईडी असलेल्या २५ टक्के लोकांना हार्ट अटॅक येतो’ असा अजिबात नाही. मूळ धोका जो काही आहे, तो सव्वापट. आणि ईडीमुळे हृदयविकार होतो असंही नाही. घरात वायर जळाल्याचा वास येतो, वासाने आग लागत नाही. पण वास आला की मेन स्विच बंद करून बघतोच ना आपण? ईडी हा तसा वास आहे. दोघांचं मूळ एकच असू शकतं. सहसंबंध, भाकीत आणि कार्यकारणभाव या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवायला शिका. इथे आपण दुसऱ्या पायरीवर आहोत, आणि डॉक्टरांना तपासणी सांगायला तेवढं पुरेसं आहे.

६. सांगितल्यामुळेही होतं?

हा माझा सगळ्यात आवडता पेपर. २००३, पुन्हा इटली. नव्याने हृदयविकार निघालेल्या, ईडी नसलेल्या ९६ पुरुषांना अटेनोलॉल हे औषध दिलं. एका गटाला औषधाचं नावच सांगितलं नाही. दुसऱ्याला नाव सांगितलं. तिसऱ्याला नाव सांगून वर ‘याने ताठरतेची तक्रार होऊ शकते’ हेही सांगितलं. औषध तिघांचं सारखंच. ईडीची तक्रार आली अनुक्रमे ३.१, १५.६ आणि ३१.२ टक्के जणांत. गट ३२-३२ चे धरले तर १, ५ आणि १० माणसं.

पुढचं आणखी मजेशीर आहे. ज्यांना तक्रार आली त्यांना सिल्डेनाफिल आणि प्लासिबो दिलं, तर एक रुग्ण सोडता दोन्हींचा परिणाम सारखाच!

याला नोसिबो म्हणतात, प्लासिबोचा उलटा भाऊ. सॅम्पल लहान आहे हे लक्षात ठेवा. पण यातून दोन गोष्टी निघतात. एक, बीपीच्या गोळ्यांमुळे ‘तसं होतं’ असं कट्ट्यावर ऐकून गोळ्या स्वतःच बंद करू नका, डॉक्टरांशी बोला, बदलून मिळतात. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. सहभागी व्यक्तीला दुष्परिणाम सांगणं हे संमतीचं नैतिक बंधन आहे, आणि सांगण्यानेच काहींना दुष्परिणाम होतो. मग सांगायचं कसं? हा एका आख्ख्या पीएचडीचा विषय आहे, घ्या कोणीतरी.

७. उपचारांमागचा पुरावा

सिल्डेनाफिल हे औषध फायझर कंपनी छातीतल्या दुखण्यासाठी तपासत होती. त्यासाठी ते फारसं चाललं नाही, पण स्वयंसेवक वेगळाच परिणाम सांगू लागले. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत ‘व्हायग्रा’ला मंजुरी मिळाली. ते पीडीई-५ ला अडवतं, म्हणून सीजीएमपी टिकतं. मात्र आधी नायट्रिक ऑक्साइड सुटायला हवं, म्हणजे उत्तेजना हवीच. गोळी घेऊन नुसतं बसलं तर काही होत नाही.

त्याच वर्षी आलेल्या चाचणीत सिल्डेनाफिल घेणाऱ्यांचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले, प्लासिबो घेणाऱ्यांचे २२ टक्के. पहिला आकडा सगळे सांगतात, तुम्ही दुसरा बघा. नुसत्या खोट्या गोळीवर पाचातला एक प्रयत्न जमला. तंबूतला वैद्य जे अनुभव सांगतो ना, “अमुकला गुण आला, तमुकला गुण आला”, त्यातले काही खरेही असतील. त्याच्याकडे तुलनेचा गट नसतो, एवढंच.

वर त्या पुडीत काय असतं हाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात भेसळ सापडलेल्या ७७६ पूरक उत्पादनांपैकी ३५३ लैंगिक शक्तीची होती, आणि त्यांत न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल वारंवार आढळलं. धोका खरा इथे आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल एकत्र आले तर रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. ‘मी तर आयुर्वेदिक घेतो’ म्हणणाऱ्याला हे माहीतच नसतं, आणि तो डॉक्टरांना सांगतही नाही. आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय याविषयीच्या कायद्याने नपुंसकत्व बरं करण्याच्या जाहिरातींवर बंदी आहे. एसटीतून जाताना भिंती वाचा, कायदा किती पाळला जातो ते कळेल.

जीवनशैलीचं काय? २००४ च्या एका चाचणीत ईडी असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला दोन वर्षं आहार आणि व्यायामाचं नीट मार्गदर्शन, दुसऱ्याला नुसती माहिती. शेवटी पहिल्या गटातले १७ आणि दुसऱ्यातले ३ जण सामान्य गुणांपर्यंत आले. ५५ पैकी १७. म्हणजे सगळ्यांना नाही, पण कमीही नाही, आणि सोबत वजनही उतरलं.

डॉक्टर साधारण या क्रमाने जातात: मोकळेपणाने विचारपूस, रक्तदाब, साखर, चरबी, गरज असेल तर सकाळचं टेस्टोस्टेरॉन. हृदय संबंधाचा श्रम झेपण्याइतकं बरं आहे का, ते बघणं. तंबाखू, दारू, वजन, झोप. धास्ती किंवा नात्यातला ताण असेल तर समुपदेशन, शक्यतो जोडप्याचं. मग गोळ्या, त्याही चिठ्ठीवरच. त्यांनी भागलं नाही तर निर्वात पंप, लिंगात घ्यायचं इंजेक्शन, आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं उपकरण. एक-दोनदा गोळी लागू पडली नाही म्हणून ‘आपलं काही खरं नाही’ असं ठरवायचं नसतं. जड जेवणानंतर सिल्डेनाफिल उशिरा चढतं, अशी साधी कारणंही असतात. आणि ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर लाज बाजूला ठेवून तातडीने दवाखाना गाठायचा.

८. तुमच्या सिनॉप्सिससाठी

या विषयावर किंवा अशाच लाजेच्या विषयावर काम करणार असाल, तर हे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

– माझी व्याख्या कोणती, आणि किती काळाची?
– माझ्या सॅम्पलमध्ये कोण नाही? दवाखान्यात आलेलेच घेतले तर न येणाऱ्यांचं काय?
– प्रश्न कोण विचारणार, कुठे बसून? ओसरीवर बसून हा प्रश्न विचारला तर उत्तर ‘नाही’च येणार.
– आधी काय झालं? नैराश्याने ईडी होते आणि ईडीने नैराश्य येतं. एकाच वेळी केलेल्या सर्वेक्षणातून हे सुटत नाही.
– कोणाला गंभीर काही निघालं तर मी त्याला कुठे पाठवणार? याचं उत्तर नसेल तर नैतिक समितीसमोर जाऊच नका.

आणि ‘मराठीत हे कसं लिहायचं’ म्हणून अडू नका. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, तेही खटले अंगावर घेऊन. आपल्याला तर फक्त प्रश्नावली लिहायची आहे.

शेवटी दादांचं. त्यांनी महिनाभर काही केलं नाही. मग वहिनींनाच सांगितलं, आणि दोघं मिळून तालुक्याला डॉक्टरकडे गेले. तीन महिन्यांची सरासरी साखर ९ च्या वर निघाली, बीपीही जास्त. गोळ्या सुरू झाल्या, गुटखा सुटला (म्हणतात तरी तसं), रोजचं चालणं सुरू झालं. मूळ तक्रार पूर्ण गेलेली नाही, कमी झाली आहे. दिवाळीत गेलो तेव्हा म्हणाले, “तुझ्या त्या मित्राला बरं आहे रे आता.” मित्र आता माझा झाला होता!

तुम्ही म्हणाल, बघा, संशोधन खरं ठरलं. नाही. हे एक उदाहरण आहे, आणि ते मी निवडून सांगितलंय. शुगर नॉर्मल निघाली असती तर कदाचित हा लेख मी दुसऱ्या गोष्टीने सुरू केला असता. माझा सल्ला बरोबर होता तो दादांची शुगर निघाली म्हणून नाही, तर वरचे अभ्यास तसं सांगतात म्हणून. हा फरक ज्याला कळला, त्याची निम्मी तयारी झाली.

पुढच्या लेखात नोसिबो आणि संमतीपत्र यावर सविस्तर बोलू. तोपर्यंत एक गृहपाठ: तुमच्या विषयातला एक प्रसिद्ध टक्का घ्या आणि तो ५२ सारखा फोडून बघा.

भेटू.